स्फटिकांतून रेणूंकडे : डोरोथी हॉजकिन यांचे संशोधन

तुरटीचा खडा गरम पाण्यात विरघळवून ते पाणी एखाद्या पसरट भांड्यात चार-सहा दिवस स्वस्थ ठेवले, तर भांड्याच्या तळाशी लहान लहान नवे खडे जमू लागतात. त्यांची पृष्ठे सपाट व चकचकीत असतात, कडा सरळ असतात आणि दोन पृष्ठांमधील कोन प्रत्येक खड्यात तेच असतात. मोरचुदाचे स्फटिक निळे व तिरक्या ठेवणीचे होतात. मिठाचे स्फटिक घनाकृती होतात. कोणीही त्यांना छिन्नीने घडविलेले नसते. मग ही शिस्त कोठून येते? पदार्थाचे अणुरेणू आतमध्ये ठरावीक अंतरांवर, ठरावीक दिशांनी, पुनःपुन्हा त्याच क्रमाने मांडलेले असले पाहिजेत, हे त्याचे एकच समाधानकारक उत्तर होय.

इंग्लंडमधील एका लहानशा शाळेत दहा वर्षांच्या एका मुलीने तुरटीचे व मोरचुदाचे असे स्फटिक वाढविले आणि त्या छंदाने तिला जन्मभर सोडले नाही. ती मुलगी म्हणजे डोरोथी क्रोफुट, पुढे विवाहानंतर डोरोथी हॉजकिन या नावाने जगाला माहीत झालेल्या रसायनशास्त्रज्ञ. पेनिसिलिन, जीवनसत्त्व ब-१२ आणि इन्शुलिन या तीन औषधी द्रव्यांच्या रेणूंची रचना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली. या प्रकरणात त्यांच्या कार्याचा परिचय आपण करून घेणार आहोत. हे करताना एका प्रश्नावर विशेष लक्ष ठेवावयाचे आहे : ज्या रेणूची उकल आज शक्य नाही, त्याचे संशोधकाने काय करावे?

क्ष-किरणांची भाषा

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४,००० ते ७,००० अँगस्ट्रॉम असते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. रेणूतील शेजारच्या दोन अणूंमधील अंतर मात्र एक-दोन अँगस्ट्रॉमच असते. एवढ्या मोठ्या तरंगांना एवढ्या सूक्ष्म अंतराचा पत्ता लागत नाही. त्यामुळे साधा सूक्ष्मदर्शक कितीही सुधारला तरी अणू दिसणार नाहीत. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र या कामाला योग्य अशीच आहे. तांब्यावर इलेक्ट्रॉन आदळवून मिळणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम आहे आणि योगायोग असा की, दोन कार्बन अणूंमधील साध्या बंधाची लांबीही तेवढीच आहे.

१९१२ मध्ये जर्मनीत माक्स फोन लौए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडण्यात आले, तेव्हा मागील छायाचित्रण-काचेवर ठिपक्यांची सुसंगत नक्षी उमटली. स्फटिकातील अणूंच्या रांगांवरून किरण ठरावीक दिशांनी विखुरले होते. या आविष्काराला विवर्तन म्हणतात. पुढच्याच वर्षी विल्यम ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स यांनी त्या ठिपक्यांवरून मिठातील अणूंची मांडणी सांगून दाखविली. १९१५ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक या पितापुत्रांना मिळाले.

तथापि या भाषेत एक मोठी उणीव होती. तळ्यात दोन दगड एकाच वेळी टाकले तर दोन तरंगमाला निघतात. जेथे एकीचा माथा दुसरीच्या माथ्याशी जुळतो तेथे पाणी अधिक उंच उठते. जेथे माथा खळग्याशी भेटतो तेथे पाणी जवळजवळ स्थिर राहते. म्हणजे तरंगाची उंची कळली तरी पुरत नाही. तो कोणत्या क्षणी माथ्यावर होता, म्हणजे त्याची कला कोणती, हेही कळावे लागते. क्ष-किरणांच्या चित्रपट्टीवर ठिपका किती काळा उमटला यावरून तरंगाची उंची समजते, परंतु कलेची नोंद चित्रपट्टीवर होत नाही. अर्धी माहिती हाती येते आणि उरलेली अर्धी हरवलेली असते. ही हरवलेली अर्धी माहिती कशी मिळवावी, हाच स्फटिकशास्त्राचा मध्यवर्ती प्रश्न होता, आणि हॉजकिन यांच्या कार्याचा इतिहास हा बहुतांशी या प्रश्नाशी दिलेल्या झुंजीचा इतिहास आहे.

घडणीची वर्षे

डोरोथी यांचा जन्म १२ मे १९१० रोजी कैरो येथे झाला. वडील जॉन क्रोफुट हे ईजिप्तमध्ये व नंतर सूदानमध्ये शिक्षणखात्यात अधिकारी होते आणि पुढे पुरातत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्धीस आले. आई प्राचीन वस्त्रविद्येच्या जाणकार होत्या. मुलींचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. बेकल्झ येथील शाळेत रसायनशास्त्र हा मुलांचा विषय समजला जाई. डोरोथी व तिची एक मैत्रीण यांना त्या वर्गात बसण्याची खास परवानगी मिळाली. खार्टूमला आईवडिलांकडे गेली असताना तेथील एका मृदारसायनज्ञाने तिला खनिजांच्या परीक्षणासाठी रसायनांची पेटी भेट दिली. पुढे विल्यम ब्रॅग यांनी मुलांसाठी दिलेल्या व्याख्यानांचे पुस्तक आईने तिच्या हाती ठेवले. क्ष-किरणांनी अणूंची मांडणी ‘पाहता’ येते, हे तिने प्रथम त्या पुस्तकात वाचले.

१९२८ ते १९३२ या काळात ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्या केंब्रिजला जे. डी. बर्नाल यांच्याकडे संशोधनासाठी गेल्या. बर्नाल यांची दृष्टी सजीवांच्या रसायनांवर होती. १९३४ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथून पेप्सिन या प्रथिनाचे मोठे स्फटिक त्यांच्याकडे आले. प्रथिनांच्या स्फटिकांची छायाचित्रे याआधीही घेण्यात आली होती, पण त्यांत अस्पष्ट धुरकटपणाखेरीज काही आढळत नसे. बर्नाल यांनी स्फटिक ज्या द्रवात वाढला होता त्यातून बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा तो सुकताना त्याची आतील शिस्त मोडत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी स्फटिक त्या द्रवासह काचेच्या बारीक नळीत बंद केला. आता चित्रपट्टीवर स्वच्छ ठिपके उमटले. प्रथिनाच्या प्रचंड रेणूलाही निश्चित रचना असते, हे यावरून प्रथमच स्पष्ट झाले.

ही पहिली छायाचित्रे घेतली गेली त्या दिवशी डोरोथी प्रयोगशाळेत नव्हत्या. हातांचे सांधे दुखू लागल्यामुळे त्या लंडनला वैद्याकडे गेल्या होत्या. संधिवाताभ संधिशोथाची ती सुरुवात होती. या विकाराने त्यांची बोटे पुढे कायमची वाकडी झाली. केसाएवढे बारीक स्फटिक हाताळण्याचे काम त्यांनी अशा हातांनी आयुष्यभर केले.

इन्शुलिन : पहिली भेट

१९३४ मध्ये त्या ऑक्सफर्डला परतल्या. विद्यापीठाच्या संग्रहालयातील तळघराची एक खोली त्यांच्या वाट्याला आली. सूक्ष्मदर्शक वर खिडकीपाशी माळ्यावर असे आणि स्फटिक हाती धरून शिडीने वर चढावे लागे. रसायनज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांनी त्यांना इन्शुलिनच्या स्फटिकांचा थोडासा नमुना दिला. तो पुन्हा विरघळवून त्यांनी पुरेसे मोठे स्फटिक वाढविले व त्यांतून क्ष-किरण सोडले. रात्री चित्रपट्टी धुऊन पाहिली, तेव्हा तिच्यावर बारीक ठिपके ओळीने उमटलेले होते. १९३५ मध्ये हे संशोधन त्यांच्या एकट्याच्या नावाने प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांचे वय २४ होते.

परंतु ठिपके मिळणे वेगळे आणि रचना कळणे वेगळे. इन्शुलिनच्या रेणूत सुमारे ८०० अणू आहेत. त्या काळी पंधरा-वीस अणूंचा रेणू उलगडणे हेही महिनोन्‌महिन्यांचे काम होते. इन्शुलिनची उकल त्या वेळी अशक्य होती. हॉजकिन यांनी ही गोष्ट मान्य केली, इन्शुलिनचा अभ्यास मंदगतीने चालू ठेवला आणि आवाक्यातील लहान रेणू हाती घेतले.

येथे १९३४ मध्ये पॅटर्सन यांनी सुचविलेल्या एका युक्तीचा उल्लेख केला पाहिजे. समजा, एखाद्या गावातील प्रत्येक दोन घरांमधील अंतर व दिशा आपल्याला कोणी सांगितली, पण कोणते अंतर कोणत्या घरांमधील हे सांगितले नाही. घरे थोडी असतील तर नकाशा जुळविता येईल, पुष्कळ असतील तर गोंधळ उडेल. मात्र गावात दोन-तीन उंच देवळे असतील व त्यांच्यामधील अंतरे ठळक अक्षरांत लिहिलेली असतील, तर देवळांच्या जागा प्रथम ठरविता येतील आणि मग त्यांच्या आधाराने घरांचा शोध घेता येईल. पॅटर्सन यांची पद्धत कलेच्या माहितीशिवाय असा अंतरांचा नकाशा देते, आणि रेणूत बसविलेला एखादा जड अणू देवळाचे काम करतो. जड अणूची जागा कळली की कलांचा अंदाज बांधता येतो आणि अंदाज पुनःपुन्हा सुधारीत पूर्ण रचनेपर्यंत पोहोचता येते. हॅरी कार्लाइल यांच्यासह हॉजकिन यांनी आयोडीनचा अणू जोडलेल्या कोलेस्टेरॉलच्या संयुगाची रचना याच मार्गाने सोडविली. ते संशोधन १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले.

पेनिसिलिनचा वाद

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिनचे महत्त्व सिद्ध झाले होते, पण ते बुरशीपासून फार अल्प प्रमाणात मिळे. रचना कळली तर ते रासायनिक रीतीने तयार करता येईल, अशी आशा होती. म्हणून ब्रिटन व अमेरिकेत गुप्तपणे मोठे संशोधन सुरू झाले. रसायनज्ञांमध्ये दोन पक्ष पडले. एडवर्ड एब्रहॅम व अर्न्स्ट चेन यांच्या मते रेणूत बीटा-लॅक्टाम नावाचे कडे होते, म्हणजे तीन कार्बन व एक नायट्रोजन मिळून झालेले चौकोनी कडे. रॉबिन्सन यांना हे पटत नव्हते. चार अणूंच्या कड्यातील बंध अनैसर्गिकरीत्या वाकलेले असतात व असे कडे टिकणार नाही, असे त्या वेळच्या रसायनशास्त्रास धरून त्यांचे मत होते. त्यांनी पाच-पाच अणूंच्या कड्यांची वेगळी रचना मांडली. पेनिसिलिनचा रेणू नाजूक असल्याने परीक्षानळीत त्याचे रूप बदले आणि प्रत्येक पक्षाला आपापल्या बाजूचा पुरावा मिळे.

हॉजकिन व त्यांच्या विद्यार्थिनी बार्बरा लो यांनी पेनिसिलिनच्या पोटॅशियम व रुबिडियम लवणांचे स्फटिक तपासले. सोडियम लवणावर आय.सी.आय. या कंपनीतील चार्ल्स बन व त्यांच्या सहकारी काम करीत होते. रेणूचा आकार आधी ठाऊक नव्हता. त्याचे तुकडे कोणते, ते कसे जोडलेले, हे काहीच निश्चित नव्हते. इलेक्ट्रॉनांची घनता प्रत्येक बिंदूपाशी काढण्यासाठी शेकडो पदांची बेरीज करावी लागे. ज्या व कोज्या यांच्या किमती छापलेल्या कागदी पट्ट्या मांडून ही गणिते हाताने करीत. शेवटच्या टप्प्यात छिद्रे पाडलेल्या पत्रांवर चालणाऱ्या हिशेबाच्या यंत्रांचीही मदत घेण्यात आली. आलेले आकडे पारदर्शक तावांवर समोच्चरेषांनी काढून ते ताव एकावर एक रचले की डोंगरांच्या नकाशाप्रमाणे अणूंच्या जागी शिखरे दिसू लागत.

१९४५ मध्ये चित्र पूर्ण झाले. चौकोनी कडे तेथे होते. ज्या रचनेवर रसायनशास्त्राच्या अनुभवी अभ्यासकांचा विश्वास नव्हता, तिच्या बाजूने अणूंमधील मोजलेल्या अंतरांनी निर्णय दिला.

या निष्कर्षाचे महत्त्व केवळ वाद मिटला एवढेच नाही. चौकोनी कड्यातील ताण हाच पेनिसिलिनच्या सामर्थ्याचा उगम आहे. जीवाणूंच्या पेशीभित्तिका बांधणाऱ्या एन्झाइमाशी गाठ पडताच ते कडे उघडते, एन्झाइमाला कायमचे चिकटते व त्याचे काम बंद पाडते. पेनिसिलिनला दाद न देणारे अनेक जीवाणू दुसऱ्या एका एन्झाइमाच्या साहाय्याने नेमके हेच कडे आधी फोडून टाकतात. तेव्हा औषध का चालते आणि का चालेनासे होते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या चार अणूंपाशी येऊन थांबतात. युद्धकाळात पेनिसिलिन बुरशीपासूनच तयार होत राहिले. त्याचे संपूर्ण रासायनिक संश्लेषण जॉन शीहन यांना १९५७ मध्ये साधले. मात्र रेणूचा गाभा कायम ठेवून त्याची उपशाखा बदलण्याचा जो मार्ग पुढे निघाला व ज्यातून अनेक नवी पेनिसिलिने मिळाली, तो रचना माहीत असल्यामुळेच आखता आला.

ब-१२ : अज्ञात प्रदेश

मारक पांडुरोगावर गुणकारी ठरलेले जीवनसत्त्व ब-१२ हे १९४८ मध्ये अमेरिकेत व इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे शुद्ध स्वरूपात मिळविण्यात आले. त्याचे गडद तांबडे स्फटिक ग्लॅक्सो कंपनीतील लेस्टर स्मिथ यांच्याकडून हॉजकिन यांच्या हाती आले. या रेणूत हायड्रोजन सोडून ९३ अणू आहेत, म्हणजे पेनिसिलिनच्या जवळजवळ चौपट. त्यांत कोबाल्टचा एक अणू असल्याने देऊळ आयतेच मिळाले होते, पण एवढ्या मोठ्या गावाच्या मानाने ते फारच ठेंगणे होते. पहिले नकाशे अस्पष्ट आले.

येथे सहकार्याने मार्ग काढला. केंब्रिजमधील अलेक्झांडर टॉड यांच्या प्रयोगशाळेत ब-१२ चे विघटन करून त्याच्या गाभ्याचा एक लहान तुकडा स्फटिकरूपात मिळविण्यात आला होता. ऑक्सफर्डमध्ये जेनी पिकवर्थ व जॉन रॉबर्टसन यांनी त्याच्या मोजमापांत भाग घेतला. १९५३ मध्ये ऑक्सफर्डला आलेल्या केनेथ ट्रूब्लड यांना लॉस अँजेलिस येथील एक वेगवान संगणक वापरता येत होता. ऑक्सफर्डहून आकडे टपालाने अमेरिकेला जात आणि हिशेब होऊन परत येत. आलेल्या नकाशातील कोणती शिखरे खरी व कोणती फसवी, हे हॉजकिन ठरवीत आणि तेवढ्याच अणूंच्या आधाराने पुढचा नकाशा काढला जाई. शंकास्पद शिखर सोडून द्यावयाचे आणि खात्रीचे तेवढेच घ्यावयाचे, हा त्यांचा नियम होता.

१९५६ च्या सुमारास संपूर्ण रचना हाती आली. कोबाल्टभोवती चार लहान कडी मिळून एक मोठे वलय होते. रक्तातील हीमच्या वलयाशी त्याचे साम्य होते, पण एके ठिकाणी दोन कडी मधल्या कार्बनावाचून थेट जोडलेली होती. असे वलय तोपर्यंत कोणालाही ठाऊक नव्हते. त्याला पुढे कॉरिन हे नाव मिळाले. पेनिसिलिनच्या वेळी रसायनज्ञांनी दोन शक्यता तरी पुढे ठेवल्या होत्या आणि क्ष-किरणांनी त्यांतून निवड केली होती. ब-१२ च्या बाबतीत निवडीसाठी काही नव्हते. स्फटिकशास्त्र हे रसायनशास्त्राच्या निष्कर्षांवर शिक्का मारणारे साधन न राहता नवे रसायनशास्त्र शोधणारे साधन झाले, हा बदल येथे घडला.

१९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक हॉजकिन यांना एकटीला देण्यात आले. ही वार्ता त्यांना घानामध्ये कळली. तेथे त्यांचे पती, इतिहासकार टॉमस हॉजकिन, काम करीत होते.

इन्शुलिन : चौतीस वर्षांनंतर

पारितोषिक मिळाले तेव्हाही इन्शुलिनचे कोडे सुटलेले नव्हते. दरम्यान दोन गोष्टी घडल्या होत्या. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत इन्शुलिनमधील ५१ अ‍ॅमिनो अम्लांचा क्रम निश्चित केला होता. त्यांपैकी २१ एका साखळीत व ३० दुसऱ्या साखळीत आहेत. तसेच माक्स पेरुत्झ यांनी हीमोग्लोबिनच्या स्फटिकाची ठेवण न बिघडविता त्यात पाऱ्याचे अणू बसविले आणि मूळ व बदललेल्या स्फटिकांच्या ठिपक्यांतील फरकावरून कला काढता येते हे दाखविले. हॉजकिन यांच्या गटाने हीच पद्धत इन्शुलिनला लावली. जड अणूंनी युक्त असे योग्य स्फटिक मिळविण्यातच अनेक वर्षे गेली.

१९६९ मध्ये रचना प्रसिद्ध झाली. इन्शुलिनचे रेणू जोडीजोडीने राहतात आणि अशा तीन जोड्या जस्ताच्या दोन अणूंभोवती मिळून सहांचा समूह बनवितात, असे दिसून आले. शोधनिबंधावर दहा नावे होती. ज्या पाच तरुणांनी शेवटच्या टप्प्याचा भार उचलला त्यांची नावे आधी आणि बाकीची नंतर, दोन्ही गट वर्णानुक्रमे. चौतीस वर्षे हा प्रश्न जिवंत ठेवणाऱ्या हॉजकिन यांचे नाव त्यात आठवे आहे. पाचवे नाव एम. विजयन या भारतीय संशोधकाचे आहे. ते १९७१ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परतले आणि प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राचा आपल्या देशातील पाया त्यांनी घातला.

या रचनेचा उपयोग मधुमेहाच्या उपचारात झाला. टोचलेले इन्शुलिन सहांच्या समूहात बांधलेले असते आणि समूह सुटून एकेकटे रेणू मोकळे झाल्यावरच ते रक्तात लवकर शिरते. रेणू एकमेकांना कोठे धरून असतात हे कळल्यामुळे त्या जागेची दोन अ‍ॅमिनो अम्ले अदलून समूह झटकन सुटेल असे इन्शुलिन तयार करता आले. ते १९९६ पासून वापरात आहे.

समारोप

हॉजकिन यांचे निधन २९ जुलै १९९४ रोजी झाले. त्यांच्या हयातीत शेकडो पदांची हाताने करावयाची बेरीज आता संगणक क्षणार्धात करतो. प्रथिनांच्या रचनांच्या जागतिक संग्रहात २०२३ पर्यंत दोन लाखांहून अधिक रचना जमा झाल्या, आणि केवळ अ‍ॅमिनो अम्लांच्या क्रमावरून रचनेचे भाकीत करणारे संगणकीय उपायही निघाले आहेत. परंतु ही भाकिते ज्या मोजलेल्या रचनांवरून शिकली, त्यांतील बहुसंख्य स्फटिकांवरच मिळविलेल्या आहेत.

आरंभीच्या प्रश्नाकडे आता वळू. जी उकल आज शक्य नाही तिचे काय करावे? हॉजकिन यांनी इन्शुलिन सोडून दिले नाही आणि त्याच्यापायी वर्षेही वाया घालविली नाहीत. कोलेस्टेरॉलने त्यांना जड अणूचा उपयोग शिकविला, पेनिसिलिनने अज्ञात रेणूकडे पूर्वग्रहाशिवाय पाहणे शिकविले, ब-१२ ने संगणक व सहकार्य यांचे बळ दाखविले. पद्धत रेणूच्या उंचीला पोहोचेपर्यंत त्या एकेक पायरी बांधीत राहिल्या. शाळेतल्या भांड्यात स्फटिक वाढताना पाहणाऱ्या मुलीला एक गोष्ट तेव्हाच कळली असावी : द्रव सतत ढवळीत राहिले तर मोठा स्फटिक मिळत नाही, आणि बीज टाकून विसरून गेले तरी मिळत नाही.